हुकूमनामा मिळाला, वसुली बाकी आहे

दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागला की घरी पेढे येतात, आणि त्याच आठवड्यात वकील सांगतात, "आता दरखास्त लावावी लागेल." पुष्कळ पक्षकारांना ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळते. 'प्रतिवादीने वादीस पाच लाख रुपये द्यावेत' एवढं न्यायालय लिहून देतं. ते पाच लाख आणणं हे वेगळं काम आहे. त्याचा अर्ज, म्हणजेच दरखास्त, वेगळा, तारखा वेगळ्या आणि खर्चही वेगळा.

हे दुखणं नवं नाही. भारतात दावेदाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, अशा आशयाचं निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये दरभंगा राजच्या एका प्रकरणात नोंदवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये देशभरातल्या प्रलंबित दरखास्तींची मोजदाद मागवली तेव्हा आकडा ८ लाख ८२ हजारांच्या वर निघाला. त्यातल्या सर्वाधिक, सुमारे ३ लाख ४१ हजार, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या होत्या. म्हणजे हा प्रश्न आपल्याच तालुक्याच्या कोर्टात बसलेला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या सगळ्यात कोर्ट फीचा स्टॅम्प हा बहुधा सर्वांत लहान खर्च असतो. खिसा रिकामा होतो तो हुकलेल्या तारखांनी आणि हाताशी नसलेल्या माहितीने. जिंकलेल्याला हे लागू आहे, आणि ज्याच्याविरुद्ध निकाल लागला त्यालाही.

निकालाचा दिवस

न्यायाधीश कारणांसह लिहितात तो न्यायनिर्णय. त्याच्या शेवटच्या आदेशावरून कार्यालय तयार करतं तो हुकूमनामा, म्हणजे डिक्री. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे निकालानंतर १५ दिवसांत तो तयार व्हायला हवा, आणि त्यावर तारीख पडते ती निकालाचीच. अपिलाची मुदतही त्याच तारखेपासून धावू लागते: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस या मुदतीतून वगळले जातात. मात्र नकलेचा अर्ज देण्याआधी तुम्ही घालवलेले दिवस वगळत नाहीत. डिक्री अजून ड्रॉ झाली नाही म्हणून थांबलो होतो, ही सबब मुदत कायद्याने स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. तेव्हा निकाल लागेल त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, न्यायनिर्णय आणि हुकूमनामा दोन्हींच्या सर्टिफाईड नकलेचा अर्ज द्या. नक्कल फी पानांवर असते आणि ती फारशी नसते. हा अर्ज वेळेत देणं हीच या प्रवासातली सर्वांत स्वस्त खबरदारी.

नक्कल हातात आली की आदेशाचा भाग बोट ठेवून वाचा. नावं, वडिलांची नावं, गट नंबर, चतुःसीमा, फ्लॅट नंबर, सगळं दाव्याशी जुळतं का? लेखनिकाची किंवा आकडेमोडीची चूक असेल तर संहितेच्या कलम १५२ खाली केव्हाही साधा अर्ज करून ती दुरुस्त करता येते. तीच चूक पुढे बेलीफ दारात उभा असताना उघडी पडली, तर वॉरंट परत जातं आणि महिने जातात.

मग व्याजाची ओळ शोधा. दाव्यापूर्वीचं व्याज, दावा चालू असतानाचं व्याज आणि हुकूमनाम्यानंतर वसुलीपर्यंतचं व्याज, हे तीन वेगळे तुकडे आहेत. तिसऱ्याचा दर सर्वसाधारणपणे ६ टक्क्यांच्या वर जात नाही. व्यापारी व्यवहारातल्या देण्यावर कराराचा दर मिळू शकतो. इथे एक खाच आहे. हुकूमनामा पुढच्या व्याजाबद्दल काहीच बोलत नसेल तर ते व्याज नाकारलं असंच कायदा धरतो, आणि त्यासाठी वेगळा दावा लावता येत नाही. पाच लाखांवर ६ टक्के म्हणजे वर्षाला ३०,०००. वसुलीला चार वर्षं लागली तर १,२०,००० रुपयांचा फरक या एका ओळीने पडतो. म्हणून वकिलांना युक्तिवादाच्या टप्प्यावरच विचारा, की पुढचं व्याज मागितलंय ना?

हुकूमनाम्याच्या तळाशी खर्चाचा तक्ता असतो. 'खर्चासह' असा निकाल असला तरी त्यात कोर्ट फी, समन्सचा खर्च आणि नियमाप्रमाणे ठरलेली वकील फी एवढंच धरतात. तुम्ही वकिलांना प्रत्यक्षात दिलेली रक्कम त्यातून भरून निघेल या भरवशावर राहू नका.

दरखास्तीचा खर्च

पैशाचा किंवा ताब्याचा हुकूमनामा अमलात आणायला १२ वर्षांची मुदत आहे. 'अमुक बांधकाम पाडा' अशा आज्ञार्थक मनाईहुकमाला ३ वर्षं. कायम मनाईला मुदत नाही. बारा वर्षं ऐकायला भरपूर वाटतात, आणि म्हणूनच लोक स्वस्थ बसतात. तेवढ्यात समोरचा जमीन विकतो, दुकान भावाच्या नावावर करतो, गाव सोडतो. शिवाय दोन वर्षांहून अधिक उशिरा दरखास्त लावली तर आधी देणेकऱ्याला नोटीस काढावी लागते, म्हणजे त्याला सावध करून कामाला सुरुवात. समोरच्याने अपील केलं असलं तरी थांबायचं कारण नाही. नुसत्या अपिलाने अंमलबजावणी थांबत नाही, स्थगिती लागते. ती तुमच्या पाठीमागे मिळू नये म्हणून अपिली कोर्टात कॅव्हेट दाखल करून ठेवा. ती ९० दिवस चालते, नंतर पुन्हा लावावी लागते.

दाव्याच्या वेळी रकमेवर जी टक्केवारीची कोर्ट फी भरली, ती दरखास्तीला पुन्हा भरायची नसते. ठरलेला लहान स्टॅम्प पुरतो. त्यावर वकीलपत्राचे स्टॅम्प, प्रत्येक नोटीस-वॉरंटची प्रोसेस फी आणि बेलीफाचा प्रवासभत्ता. भत्ता कोर्टातल्या नाझरकडे भरायचा आणि पावती घ्यायची. कोणाच्याही हातावर रोख टेकवायची नाही. ज्याची पावती नाही तो खर्च तुम्ही देणेकऱ्याकडून मागू शकत नाही, एवढं व्यावहारिक कारणही त्याला आहे.

मोठा खर्च वकिलांचा. एकरकमी, टप्प्याटप्प्याने किंवा तारखेमागे, अशा तीन पद्धती चालतात. दरखास्तीच्या तारखा किती पडतील हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे तारखेमागे फी पक्षकाराला बहुतेकदा महाग पडते. माझी पसंती टप्प्यांना आहे: दाखल करताना इतके, जप्ती झाल्यावर इतके, पैसे जमा झाल्यावर किंवा ताबा मिळाल्यावर इतके. आकडे कागदावर घ्या, आणि टायपिंग, नकला, प्रवास, जाहिरात त्यात धरलेत की वेगळे, तेही लिहून घ्या. "वसूल होईल त्याचे इतके टक्के" असा सौदा कुणी सुचवला तर नको म्हणा. निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि वसुलीत वाटा घ्यायला बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम वकिलांना मनाई करतात.

हुकूमनामा पुण्याचा आणि देणेकऱ्याची मालमत्ता लातूरला असेल तर पुण्याचं कोर्ट थेट लातुरात जप्ती करू शकत नाही. हुकूमनामा तिकडे वर्ग करून घ्यावा लागतो. म्हणजे दोन वकील, दोन ठिकाणच्या तारखा. हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरा.

आधी माहिती काढा

दरखास्तीच्या छापील तक्त्यात दाव्याचा नंबर, रक्कम, आतापर्यंत आलेले पैसे वगैरे रकाने असतात आणि शेवटी एक रकाना: न्यायालयाने कोणत्या प्रकारे मदत करावी? इथेच सगळं अडतं. जप्ती मागायची, पण कशाची? न्यायालय तुमच्यासाठी शोधाशोध करत नाही.

थोड्या पैशांत बरंच हाती लागतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर दस्त शोधता येतात, त्यातून त्याने गेल्या काही वर्षांत काय घेतलं, काय विकलं ते दिसतं. त्याने पूर्वी दिलेला एखादा चेक, अगदी परत आलेलासुद्धा, जपून ठेवा. बँक आणि शाखा त्यावर छापलेली असते. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर धंदा चालू आहे की बंद, हे फुकटात समजतं. त्याला कुणाकडून पैसे येणं आहेत का, हेही विचारा. त्या तिसऱ्या माणसालाच नोटीस काढून ते पैसे कोर्टात भरायला लावता येतात. बँक खातं याच वाटेने हाती लागतं.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर संहितेचा ऑर्डर २१ रूल ४१ आहे. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस भागला नाही तर देणेकऱ्याने आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असा आदेश न्यायालयाकडून मागता येतो. तो मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. अर्ज साधा, खर्च थोडा, आणि तरीही अनेक दरखास्तींत तो कधीच दिला जात नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, उशीर होत असेल तर कारणं लिहावीत, असं सांगितलं आहे. त्या आदेशाचा उल्लेख दरखास्तीत जरूर करा, पण मालमत्तेची यादी सोबत नसेल तर त्या आदेशानेही चाक हलत नाही.

जप्ती कशावर येते, कशावर नाही

कायद्याने देणेकऱ्याच्या संसाराला कुंपण घातलं आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीने स्त्रीच्या अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं, शेतकरी किंवा मजूर राहतो ते त्याचं घर, मजुराची मजुरी, सरकारी पेन्शन, भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, आयुर्विम्याचे पैसे: यांना हात लागत नाही. शेतजमीन मात्र या यादीत नाही.

पगाराचा हिशेब नीट समजून घेण्याजोगा आहे. पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यांत पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. समजा, सूट मिळालेले भत्ते वगळून पगार ४०,००० आहे. १,००० वजा केले, ३९,००० राहिले. त्यातले २६,००० त्याचे, १३,००० तुमचे. पण एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिनेच चालते, मग त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मोकळा. म्हणजे या वाटेने जास्तीत जास्त ३,१२,००० येतील. हुकूमनामा पाच लाखांचा असेल तर उरलेल्यासाठी दुसरी मालमत्ता सुरुवातीपासूनच शोधत राहायला हवी. पोटगीच्या हुकूमनाम्यात नियम कडक आहे: पगाराचा फक्त एक तृतीयांश सुरक्षित.

घर-जमिनीची जप्ती झाली की त्यानंतर देणेकऱ्याने परस्पर केलेली विक्री जप्तीखालच्या मागणीपुढे टिकत नाही. आदेश जागेवर दवंडी देऊन जाहीर करायचा, कोर्टात लावायचा, सारा भरणारी जमीन असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात आणि खेड्यात असेल तर ग्रामपंचायतीतही. ही डकवणी खरंच झाली का, ते स्वतः जाऊन बघा. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर नोंद घेण्यासाठी तलाठी किंवा भूमापन कार्यालयाला पत्र जाईल असंही पाहा. लिलावानंतर सगळं उलटवायला देणेकरी याच त्रुटी दाखवतो.

लिलावाला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात: मूल्यांकन, जाहीरनामा, वर्तमानपत्रातली जाहिरात. हा खर्च आधी दरखास्तदार भरतो, नंतर विक्रीच्या रकमेतून मागतो. बोली २० लाखांवर थांबली तर घेणाऱ्याने २५ टक्के, म्हणजे ५ लाख, तिथल्या तिथे भरायचे आणि उरलेले १५ लाख पंधरा दिवसांत. देणेकऱ्याला अजूनही घर सोडवता येतं: विक्रीच्या तारखेपासून ६० दिवसांत जाहीरनाम्यातली रक्कम आणि घेणाऱ्याच्या नुकसानीपोटी ५ टक्के, इथे १ लाख, भरले की लिलाव रद्द होतो. दरखास्तदाराला स्वतः बोली लावायची असेल तर आधी न्यायालयाची परवानगी हवी.

अटकेचं अनेकांना फार आकर्षण असतं. "एकदा आत जाऊ दे, मग बघा कसा देतो." पण पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. २,००० रुपयांपर्यंतच्या हुकूमनाम्यात कैद नाहीच, ५,००० च्या वर जास्तीत जास्त तीन महिने. आधी कारणे दाखवा नोटीस निघते, आणि ऐपत असून तो बुडवतो आहे हे तुम्हाला दाखवावं लागतं. केवळ गरिबीपायी देऊ न शकणाऱ्याला तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच ठरवलं आहे. त्यावर कैदेतला त्याचा निर्वाहभत्ता आगाऊ भरायचा तुम्ही. सुटल्यावर कर्ज कायम राहतं, पण त्याच हुकूमनाम्यात पुन्हा कैद नाही. ज्याच्याकडे खरोखर लपवलेला पैसा आहे आणि तसे कागद तुमच्या हाती आहेत, अशाच माणसाच्या बाबतीत हा मार्ग घ्यावा.

ताबा

भाडेकरूकडून जागा, भावाकडून खोली, अतिक्रमण करणाऱ्याकडून बांध: इथे वॉरंट ताब्याचं निघतं. बेलीफ सकाळी वॉरंट घेऊन निघतो. दाराला कुलूप. शेजारी सांगतात, गावाला गेलेत. तो पायरीवर बसून अहवाल लिहितो, घर कुलूपबंद, ऋणको मिळून आला नाही, खाली दोन पंचांच्या सह्या. वॉरंट बजावणीविना परत जातं आणि प्रोसेस फी पुन्हा भरावी लागते. असं दोनदा-तीनदा झालं की दरखास्तदार खचतो. म्हणून पहिल्या खेपेलाच तयारीने जा. जागा आणि माणूस दाखवायला स्वतः हजर राहा. कुलूप असण्याची शक्यता वाटत असेल तर ते तोडण्याची परवानगी, आणि विरोध दिसत असेल तर पोलीस बंदोबस्ताचा आदेश आधीच मागून घ्या. बंदोबस्ताचा आकार, कुलूपवाला, मजूर, आतलं सामान हलवायला टेम्पो, हे सगळं तुमच्याच खिशातून जाणार आहे. सूर्यास्त ते सूर्योदय राहत्या घरात शिरता येत नाही, त्यामुळे काम लवकर सुरू करा.

आत भलताच कुणी 'मी पोटभाडेकरू' म्हणून उभा राहिला तर भांडत बसू नका. अहवालात अडथळ्याची नोंद करून घ्या आणि त्या दिवसापासून ३० दिवसांत ऑर्डर २१ रूल ९७ चा अर्ज करा. त्याचा हक्क त्याच कोर्टात, त्याच दरखास्तीत ठरतो, नवा दावा लागत नाही.

वाटपाच्या दाव्यांत आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. 'तिसरा हिस्सा' असा निकाल लागला की काम झालं असं बहिणी समजतात. तो प्राथमिक हुकूमनामा असतो. साऱ्याची शेतजमीन असेल तर सरस-निरस पाहून प्रत्यक्ष वाटप कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं. घर किंवा प्लॉट असेल तर कोर्ट कमिशनर नेमून अंतिम हुकूमनामा करून घ्यावा लागतो, आणि तो स्टॅम्प पेपरवर उतरवून घ्यायचा असतो. घराला हे मुद्रांक शुल्क किमतीवर बसतं, शेतजमिनीच्या वाटपाला महाराष्ट्रात १०० रुपये. स्टॅम्प भरायला वेळ लागला म्हणून बारा वर्षांची मुदत लांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगून ठेवलं आहे. मोजणीचं शुल्क, कमिशनरची फी आणि फेरफार होईपर्यंतच्या खेपा धरूनच वाटपाचा खर्च काढावा.

हुकूमनामा तुमच्याविरुद्ध असेल तर

बेलीफाकडून समन्स घ्यायचं नाकारलं म्हणजे दावा टळला, ही समजूत घरंच्या घरं बुडवते. नकार दिला तरी न्यायालय बजावणी झाली असं धरू शकतं. दारावर चिकटवून किंवा वर्तमानपत्रात देऊनही ती होते. त्यानंतर कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, कारण पटलं तर ९० पर्यंत. गैरहजर राहिलात की 'एकतर्फी' असा आदेश होतो. मात्र निकाल लागायच्या आत धावलात तर योग्य कारण दाखवून, बहुधा थोडा खर्च भरून, पुन्हा सामील होता येतं. या टप्प्यावरची धावपळ सर्वांत स्वस्त असते.

एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर ऑर्डर ९ रूल १३ खाली त्याच न्यायालयात तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो. कारणं दोनच चालतात: समन्स रीतसर बजावलं नव्हतं, किंवा पुरेशा कारणामुळे हजर राहता आलं नाही. मुदत ३० दिवस: हुकूमनाम्यापासून, आणि समन्स रीतसर बजावलंच नसेल तर कळल्यापासून. उशीर झाला असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज. केवळ बजावणीतली एखादी तांत्रिक खोट पुरत नाही. तारीख माहीत होती आणि यायला वेळही होता असं दिसलं तर अर्ज जातो. तेव्हा पुरावा गोळा करा. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, त्या काळात दुसऱ्या गावी राहत असल्याचा भाडेकरार, वीजबिल. कोर्टातून समन्सची आणि बेलीफाच्या अहवालाची सर्टिफाईड नक्कल आधी काढा, कारण सगळा वाद त्या एका पानावर होणार असतो. सही कुणाची आहे? पत्ता कोणता?

या अर्जाची कोर्ट फी लहान असते, पण न्यायालय अटी घालू शकतं: विरुद्ध पक्षाचा खर्च द्या, काही रक्कम जमा करा. ती तजवीज ठेवून जा. अर्ज नामंजूर झाला तर त्यावर अपील आहे. एकतर्फी हुकूमनाम्यावर थेट अपीलही चालतं, मात्र अपिलाचा निकाल एकदा लागला की रूल १३ चा दरवाजा बंद होतो. म्हणून दोन्हींतलं काय आधी, हे वकिलांशी पहिल्याच भेटीत बोला.

हजर राहून हरलात तर मुख्य वाट अपिलाची, आणि ती महाग आहे. वादातल्या रकमेवर पुन्हा कोर्ट फी लागते; महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा २०१८ पासून १० लाख रुपये आहे. पैशाच्या हुकूमनाम्याला स्थगिती हवी तर वादातली रक्कम जमा करायची किंवा जामीन द्यायचा. कागद पाहताच दिसणारी चूक असेल तर ३० दिवसांत पुनर्विलोकन. तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही आणि वेगळा दावाही नाही, फसवून सही घेतली असेल तर त्याच कोर्टात जावं लागतं. दरम्यान वसुली होऊन गेली आणि पुढे हुकूमनामा रद्द झाला, तर गेलेलं परत मिळवायला कलम १४४ आहे. अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागतो.

दुबई-शारजातून परतलेल्यांसाठी एक इशारा. संयुक्त अरब अमिरातीच्या न्यायालयांचे हुकूमनामे जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर इथल्या जिल्हा न्यायालयात थेट अमलात आणता येतात. तिकडचं कर्ज तिकडेच राहील, हा हिशेब आता चालत नाही.

वकील परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक मर्यादा ३ लाख. मालमत्ता, पोटगी, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत राज्यात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. ही माफी मागायची राहून गेल्याने पदरचे पैसे भरलेल्या बाया आजही भेटतात.

पैसे दिलेत, आता नोंद करा

तडजोड कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते, दरखास्तीतही. लोकअदालतीत झालेला निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का, आणि त्यावर अपील नाही. वीस-तीस टक्के सोडून आज पैसे मिळत असतील, तर जप्ती, लिलाव आणि हरकतींची वर्षं मोजून निर्णय घ्या. मी बहुतेक वेळा तडजोडीच्या बाजूने बोलते.

पण पैसे देताना रीत सोडू नका. सर्वांत सुरक्षित म्हणजे कोर्टात भरणं. तशी नोटीस समोरच्याला मिळाली की त्या दिवसापासून व्याजही थांबतं. बाहेर द्यायचे तर बँकेतून द्या आणि हुकूमनाम्याचा नंबर लिहून पोच घ्या. मग दरखास्तदाराने ते पैसे मिळाल्याचं कोर्टाला कळवायला हवं. तो टाळत असेल तर तुम्ही ३० दिवसांत नोंदीचा अर्ज करा. न नोंदलेली भरपाई अंमलबजावणी करणारं न्यायालय विचारातच घेत नाही. नातेवाइकांसमोर रोख दिले आणि चार वर्षांनी तेवढ्याच रकमेची दरखास्त आली, तर ते नातेवाईक कामाला येत नाहीत.

पूर्ण भरपाईची नोंद झाली की जप्ती उठल्याचा आदेश मागा. तुमची इच्छा असेल तर तो जप्तीसारखाच जाहीर करून डकवला जातो, मात्र त्याचा खर्च तुमचा. त्या आदेशाच्या दोन सर्टिफाईड नकला काढा. एक तलाठी कार्यालयात किंवा भूमापन कार्यालयात देऊन इतर हक्कातला बोजा कमी करायचा अर्ज करा, दुसरी सोसायटीत किंवा बँकेत द्या, आणि महिन्याभराने पुन्हा १५ रुपये भरून सातबारा काढून बघा.